वजन ४० किलोवर आलं, तेव्हा विनोबांनी आधी काळजी सोडली

विनोबा भावे म्हटलं की डोळ्यासमोर येते भूदानाची पदयात्रा. पण त्या यात्रेच्या १३ वर्षं आधी त्यांच्या अंगात चालायचंही त्राण उरलं नव्हतं.

साल १९३८. ठिकाण आपल्या विदर्भातलंच, वर्ध्याजवळची नालवाडी. विनोबा तेव्हा ४२ वर्षांचे. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगतो का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःच्याच पोटावर केला होता. त्यात कामाचा रगाडा. वजन उतरलं ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलो.

आपल्याकडे कमी खाण्याला वैराग्य म्हणायची सवय आहे. त्यामुळे असा माणूस वाळत चालला तरी लोक आधी हात जोडतात. गांधीजींनी मात्र बोलावून घेतलं आणि स्वतः शुश्रूषा करायची तयारी दाखवली. विनोबांना ते पटेना. बापूंच्या मागे पन्नास कामं, त्यातलं एक रुग्णसेवा, आणि त्या रुग्णांतले हे एक! डॉक्टरकडे जायलाही ते तयार नव्हते. थंड हवेच्या ठिकाणांची नावं निघाली, पण शेवटी ठरलं पवनार. तिथे जमनालाल बजाजांचा बंगला होता. गांधीजींची अट एकच, कामाची चिंता पूर्ण सोडायची.

७ मार्च १९३८ ला गाडी धाम नदीच्या पुलावर आली आणि विनोबांनी तीनदा संकल्प केला, सगळं सोडलं. मग रोज थोडं खोदकाम, सुरुवातीला फक्त ५ मिनिटं. बाकी वेळ डोकं रिकामं. वर्षभराच्या आत वजन १२८ पौंड झालं. खोदताना जमिनीतून भरत-राम भेटीचं प्राचीन शिल्पही निघालं, ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

गंमत म्हणजे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनीच सांगितलं होतं की, चित्त एकाग्र व्हायचं तर जगणं मोजकं हवं, आहारसुद्धा. दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

मग हा इटिंग डिसऑर्डर होता का? नाही. ॲनोरेक्सियात वजन वाढण्याचीच भीती बसते, सगळं लक्ष ताटाला आणि काट्याला चिकटतं. विनोबांना वजन वाढवायचंच होतं. पण उपासमार आणि मन यांचं नातं खरं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. ते चिडचिडे, उदास झाले, त्यांना अन्नाशिवाय दुसरं सुचेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. म्हणजे चिंतेने जेवण तुटतं, आणि जेवण तुटलं की चिंता वाढते.

विनोबांच्या पोटाची तक्रार पुढेही सुटली नाही. अल्सर होता. तरी १९५१ पासून तेरा वर्षं, थोड्या थोड्या दूध-दह्यावर, हा माणूस देशभर चालत राहिला.