आखडलेल्या बोटांतला कुंचला

पिएर-ऑगस्त रेन्वार या फ्रेंच चित्रकाराची चित्रे म्हणजे ऊन, फुले आणि हसरी माणसे. त्यांतली शेवटच्या पंचवीसेक वर्षांतली चित्रे एका गंभीर संधिवाताच्या रुग्णाने काढली आहेत, हे ती पाहताना जाणवतही नाही.

रेन्वार यांचा जन्म १८४१चा, एका शिंप्याच्या घरातला. पोरवयातच ते चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवू लागले. पन्नाशीच्या सुमारास त्यांचे सांधे दुखू लागले. १८९७ मध्ये सायकलवरून पडून उजवा हात मोडला आणि त्यानंतर दुखणे वाढतच गेले. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. सांधे सुजतात आणि वेळीच उपचार न झाल्यास कायमचे वाकडे होतात. रोगाला लगाम घालणारी औषधे तेव्हा नव्हती.

रेन्वार यांनी हालचाल मात्र सोडली नाही. हात मोकळे राहावेत म्हणून ते रोज सकाळी चेंडू उडवून झेलत. ऊबदार हवेसाठी ते दक्षिण फ्रान्समधल्या कान्य गावी राहायला गेले. १९१२च्या सुमारास चाकाची खुर्ची आली. एका डॉक्टरांनी त्यांना पुन्हा उभे करून चार पावले चालवलेही. पण सगळी शक्ती चालण्यातच गेली तर चित्रासाठी काय उरणार, असा विचार करून ते खुर्चीत परतले, असे सांगतात. चालणे सोडले, चित्र नाही.

बोटे तळव्यात वळली होती. कुंचला हाताला बांधून ते रंगवत, ही समजूत खरी नाही. हाताला पट्ट्या असत त्या कातडी सोलवटू नये म्हणून. कुंचला दुसरे कुणीतरी बोटांत अडकवून देई. खांदा आखडल्याने हात वर जात नसे, म्हणून मोठे कापड रुळांवर गुंडाळून हवा तो भाग हातापुढे आणला जाई. डिसेंबर १९१९ मध्ये निधन होईपर्यंत ते काम करत राहिले.

आज ही वेळ येऊ न देणे बऱ्याच अंशी शक्य आहे. हातापायांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त काळ ताठ राहत असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर वयाचे दुखणे म्हणून अंगावर काढू नये. संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. औषधे लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. जोडीला फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम हवा आणि दमण्याआधी विश्रांतीही. हातातली शक्ती कशासाठी राखायची, हे ज्याने त्याने ठरवावे. रेन्वार यांनी ती चित्रांसाठी राखली.