दादासाहेब फाळके : चित्रपट आणि प्रेक्षकाची अपेक्षा

कथा उलगडून न सांगता केवळ वातावरणातून बोलणारा चित्रपट पाहताना आपण गोंधळतो. अशा वेळी धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र आठवावे.

३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता. त्यांच्या मनःचक्षूंसमोर मात्र राम-कृष्ण उभे राहिले. चित्राचा अर्थ प्रेक्षकाच्या स्मृतीतही घडतो, याचा हा प्रत्यय होता.

१९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा कथाहीन लघुपट केला. सर्वसामान्यांसाठी मात्र त्यांनी सर्वपरिचित कथा निवडली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती, तरीही प्रेक्षकांना तारामतीच दिसली. न बोललेले शब्द त्यांनी स्वतःच भरून काढले. त्याच वर्षी फाळके यांनी आपला व्यवसाय नाशिकला हलवला.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि प्रेक्षकांची अपेक्षा पालटली. मूकपट म्हणून तयार झालेल्या ‘सेतुबंधन’ला पुढे ध्वनीची जोड द्यावी लागली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा फाळके यांचा एकमेव बोलपट अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

म्हणून एखादा चित्रपट दुर्बोध ठरवण्यापूर्वी, आपण कोणती अपेक्षा घेऊन तो पाहावयास बसलो होतो, हे प्रथम तपासावे.