अरणचा मळा : श्रीसंत सावतामहाराज

पंढरीच्या इतक्या जवळ राहून ज्यांनी पंढरीची वारी केल्याचे परंपरा सांगत नाही, असे आपल्या संप्रदायातले थोर संत म्हणजे अरणचे श्रीसंत सावतामहाराज. अरणाहून पंढरपूर काही फार लांब नाही. धडधाकट माणसाने पहाटे निघावे, वाटेत एक मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी चंद्रभागेत बुडी मारावी. एवढी सोय असून हा भक्त गेला का नाही, हा प्रश्न कीर्तनात पुष्कळदा निघतो आणि पुष्कळदा एका वाक्यात उडवूनही दिला जातो. त्यांना मळ्यातच देव दिसला, झाले! उत्तर खरेच आहे, पण तेवढ्याने आमचे समाधान होत नाही. मळा म्हणजे काय, माढ्याच्या मुलखात तो राखायचा कसा, तिथले ऊन-पाऊस कसे, हे ध्यानात घेतल्यावाचून सावतोबांचे चरित्र निम्मेच हाती लागते.

महाराजांचा जन्म इ. स. १२५० चा. देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते. आजोबा दैवू माळी हे पंढरीचे वारकरी. ते औसे गावाहून अरणला येऊन स्थिरावले, असे सांगतात. त्यांना पुरसोबा आणि डोंगरोबा असे दोन मुलगे. पुरसोबांची पत्नी नांगिताबाई. त्यांच्या पोटी सावतोबा जन्माला आले. म्हणजे माळ आणि मळा ही दोन्ही त्यांना वडिलार्जित मिळाली. पुढे शेजारच्या भेंड गावच्या जनाईशी त्यांचे लग्न झाले आणि विठ्ठल व नागाताई अशी दोन अपत्ये झाली. ज्ञानोबारायांहून ते वयाने सुमारे पंचवीस वर्षांनी वडील. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली, तेव्हा अरणच्या मळ्यातल्या या माळ्याने चाळिशी गाठली होती.

आता त्या मुलखाची हवा पाहू. पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीवर आपटतो आणि आपले बहुतेक पाणी तिथेच सांडतो. महाबळेश्वरास वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि डोंगर उतरून पूर्वेस भीमेच्या खोऱ्यात माढ्याला यावे तर वीस-पंचवीस इंचांवर भागवावे लागते. तेही सरासरीने, बरे का! एखाद्या वर्षी त्यातलेही निम्मेच येते. आणखी एक खोड अशी, की हा पाऊस वेळेवर येत नाही. मृगाची एखादी सर येऊन जाते, माणसे हुरळून पेरतात, मग आर्द्रा-पुनर्वसूत नुसता वारा सुटतो आणि ढग डोक्यावरून पूर्वेला पळतात. खरा भरवशाचा पाऊस भाद्रपदात, उत्तरा आणि हस्ताचा. म्हणून तर सोलापूरकडचा शेतकरी खरिपापेक्षा रब्बीच्या शाळूवर जीव टाकतो. वैशाखात ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाची गार आली तर चिंच-आंब्याची नासाडी, न आली तर विहिरीचा तळ दिसतो.

अशा हवेत जिराईत शेत करणे वेगळे आणि भाजीचा मळा राखणे वेगळे. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे. जिराईतवाल्याची पेरणी झाली, की पुढचे वरुणराजाच्या हाती. त्याला चार दिवसांची सवड सापडते. आषाढीच्या दिंड्यांत पेरणी उरकून आलेला शेतकरी जास्त दिसतो तो यामुळेच. मळेकऱ्याला ही मुभा कुठली? पावसाने उघडीप दिली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाफ्याला पाणी हवे. त्या काळचे पाणी म्हणजे मोटेचे. बैल धावेवरून उतरायचे, नाडा ताणायचा, चामड्याची मोट विहिरीतून वर येऊन थारोळ्यात रिती व्हायची आणि तिथून पाण्याने पाटाची वाट धरायची. एक माणूस मोटेवर, दुसरा दाऱ्यावर. दारे धरणारा डुलकला तर एक वाफा बुडतो आणि शेजारचा कोरडा राहतो. हे सकाळी सुरू झाले की उन्हे डोक्यावर येईपर्यंत.

आता दोन्ही वाऱ्यांचे दिवस या मळ्याच्या पंचांगाला लावून पाहा. आषाढी येते ती नेमकी पावसाच्या बेभरवशाच्या तोंडावर. पावसाळी भाजी नुकती उगवून वर आलेली, कांद्याचे रोप कोवळे, आणि आभाळ कोरडे राहिले तर सगळे मोटेवर. कार्तिकी येते तीही अशीच अडचणीची. हस्त सरला, चित्रा-स्वातीचा ओलावा रानात आहे, थंडी पडू लागली आहे, तेव्हा लसणाच्या कुड्या लावायच्या त्या याच दिवसांत. त्या गेल्या तर फाल्गुनात गड्डा भरत नाही. उन्हाळी कांद्याचे रोप टाकायचे तेही आत्ताच, म्हणजे पौषात त्याची लावण होते आणि चैत्राच्या सुमाराला कांदा निघतो. मुळ्याला थंडी मानवते. दीड महिन्यात तो काढणीला येतो, पण चार दिवस उशीर झाला की आतून पोकळ होतो आणि जून लागतो. धने रगडून पेरावेत ते थंडीत, कारण उन्हाळ्यात कोथिंबीर पान धरण्याआधीच फुलावर येते. आता सांगा, या माळ्याने पंढरीला जायचे तरी कोणत्या दिवशी?

आम्ही याचा अर्थ असा करीत नाही की कामाच्या ओढीने सावतोबांची वारी चुकली. चुकली म्हणावे तर खंत दिसायला हवी. त्यांच्या अभंगांत ती कुठे सापडत नाही. त्यांनी वेगळेच केले. जी मोट, जी विहीर, जो नाडा त्यांना अडकवून ठेवीत होता, तोच त्यांनी पंढरी म्हणून पाहिला. अडचणीवर त्यांनी वळसा काढला नाही, अडचणच देवाच्या पायाशी नेऊन ठेवली. वाफ्यातली भाजी त्यांना विठाबाई वाटली, हे तर शाळेतल्या पोरालाही पाठ असते.

त्या प्रसिद्ध अभंगात भाज्यांच्या नावांत मिरचीही येते, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. आजची तिखट मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोक १४९८ नंतर हिंदुस्थानात आले, त्यानंतरच ती आपल्या रानात रुजली. सावतोबांनी तर त्याच्या दोनशे वर्षे आधी देह ठेवला. मग मिरची आली कुठून? एक तर तो शब्द तेव्हा मिऱ्यासाठी वापरला असेल, नाहीतर मुखोमुखी येताना पुढच्या पिढ्यांनी आपल्या वाफ्यातली मिरची त्यात लावली असेल. आम्हांला दुसरा तर्क अधिक पटतो. अभंग सहा-सातशे वर्षे शेतकऱ्यांच्या तोंडी राहिला, मग मातीप्रमाणे त्यातही नवे बी पडणारच. यात सावतोबांना उणेपणा काही नाही. ते अभंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले नव्हते. काशिबा गुरव या त्यांच्या सोबत्याने ते टिपून घेतले, असे परंपरा सांगते. आज त्यांतले अवघे सदतीस मिळतात.

संसारात महाराज कोरडे नव्हते, पण भजनात रंगले की भान नसे. एकदा सासुरवाडीची माणसे घरी आली आणि जावयाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही, म्हणून जनाई रागावली, अशी कथा आहे. रागावणारच ती! माहेरची माणसे दारात उभी आणि घरधनी टाळ कुटीत बसलेला. महाराजांनी गोड शब्दांनी तिची समजूत घातली आणि तिचा राग निवळला. पुढे ती त्यांच्या भजनाला अडसर झाल्याचे कोणी सांगत नाही.

दुसरी कथा अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक. पैठणहून आलेला, हातापायांनी अधू असा कूर्मदास लोळत लोळत लहूळपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. त्याला भेटायला देव पंढरीहून निघाले. सोबत ज्ञानोबा आणि नामदेव. वाटेत अरण लागले, तशी देवाला आपल्या माळ्याची आठवण झाली. त्या दोघांना मागे ठेवून देव मळ्यात शिरले आणि मला कुठेतरी लपव म्हणून सावतोबांना गळ घालू लागले. मळ्यात लपवायला जागा ती कोणती? महाराजांनी खुरप्याने आपली छाती चिरून देवाला आत घेतले आणि वरून उपरणे बांधले. नामदेव देवाला शोधीत मळ्यात आले आणि व्याकूळ झाले. अखेर त्यांच्यासाठी देवाला बाहेर यावे लागले. कथेत हत्यार आले आहे ते तलवार नव्हे, खुरपे. मळ्यात तण काढायला जे रोज हातात असते, तेच.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे १२ जुलै १२९५ या दिवशी महाराजांनी अरणला देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. पावसाळ्याचेच दिवस ते. समाधी तिथेच आहे.

अरणची हवा अजून तीच आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याने फार सोसले. विहिरी आटल्या, गुरे छावणीला गेली, माणसे खडी फोडायला बाहेर पडली. पुढे १९८० साली माढे तालुक्यातच भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि कालव्याच्या पाण्याने कितीतरी माळरानांवर ऊस आणि डाळिंब आले. मोट गेली, धाव बुजली, थारोळ्याचे दगड बांधाला लागले. पाऊस मात्र अजून उत्तरा-हस्ताचीच वाट पाहायला लावतो.

इतर संतांच्या पालख्या आषाढीला पंढरीस जातात. सावतोबांची जात नाही. आषाढीची गर्दी पांगली, की पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून निघते आणि माळ्याच्या पुण्यतिथीला अरणला येते. तिथे श्रीफळ हंडीचा काला होतो. त्या दिवसांत वाटेच्या दोन्ही अंगांना रान हिरवे असते. पाऊस झाला असेल तर.