आठ पायांच्या सृष्टीचा नोंदकार : रेजिनाल्ड इन्स पोकॉक

जबलपूरहून मंडल्यामार्गे कान्ह्याच्या जंगलात जाऊन आलेल्या कुटुंबाला वाघ दिसो वा न दिसो, बारशिंगा सहसा दिसतोच. मध्य प्रदेशाचा हा राज्यपशू. उत्तरेकडील त्याचे भाऊबंद दलदलीत राहतात आणि त्यांचे खूर चिखलात रुतू नयेत म्हणून फाकलेले असतात. कान्ह्याचा बारशिंगा मात्र साल आणि गवताच्या कठीण भूमीवर वावरतो आणि त्याचे खूर घट्ट, जुळलेले असतात. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत त्याला रुसर्व्हस डुव्हाउसेली ब्रॅन्डेरी असे म्हणतात. या लांबलचक नावापुढे आणखी एक छोटीशी पुस्ती असते : पोकॉक, १९४३. हा प्राणी वेगळा आहे असे ज्याने प्रथम शास्त्रोक्त रीतीने मांडले त्याचे नाव आणि मांडल्याचे वर्ष, असा या पुस्तीचा अर्थ. ते वर्ष उजाडले तेव्हा रेजिनाल्ड इन्स पोकॉक ऐंशी वर्षांचे होते, लंडनवरील बाँबवर्षाव नुकताच ओसरला होता, आणि या गृहस्थाची मूळ कीर्ती हरणांसाठी नव्हतीच. ती होती कोळी, विंचू आणि गोमा यांच्यासाठी.

पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या क्लिफ्टन या भागात झाला. वडील रेव्हरंड निकोलस पोकॉक हे धर्मोपदेशक होते आणि इतिहासाचे अभ्यासकही. जुन्या कागदपत्रांत रमणाऱ्या या घरातील मुलाचे लक्ष मात्र पुढे सजीव सृष्टीकडे वळले. ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स स्कूलमध्ये शिकत असताना त्याचा हा ओढा एडवर्ड पोल्टन यांच्या नजरेत भरला. पोल्टन पुढे कीटकांच्या रंगांवरील संशोधनासाठी जगप्रसिद्ध झाले. त्यांनी या शाळकरी मुलाला प्राणिशास्त्राचे धडे दिले आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयात प्राण्यांच्या शरीररचनेची तुलना करीत बसण्याची मुभा मिळाली. हाडे, कातडी, दात समोर मांडून साम्य कुठे आणि फरक कुठे हे पाहण्याची सवय पोकॉक यांना तिथे जडली, ती अखेरपर्यंत सुटली नाही. पुढचे शिक्षण ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले. जीवशास्त्र लॉइड मॉर्गन यांच्याकडे आणि भूशास्त्र सोलास यांच्याकडे असे दोन उत्तम गुरू त्यांना लाभले.

१८८५ साली ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाले. साउथ केन्सिंग्टनमधील ती भव्य इमारत खुली होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. पहिले वर्ष कीटक विभागात गेले. त्यानंतर अष्टपाद आणि बहुपाद प्राण्यांचा संग्रह त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. अष्टपाद म्हणजे कोळी, विंचू, गोचीड आदी मंडळी. बहुपाद म्हणजे गोमा, आणि पावसाळ्यात स्पर्श होताच चक्रासारखा गुंडाळून पडणारा पैसा नावाचा किडा. फुलपाखरे आणि पक्षी यांच्या मागे लागणारे पुष्कळ असतात. ज्यांना पाहून माणसे चप्पल उचलतात त्यांच्या वाट्याला अभ्यासक क्वचितच येतो. तेवीस वर्षांच्या या तरुणाने आपल्या वाट्याला आलेले काम असे काही अंगीकारले की पुढच्या अठरा वर्षांत त्याच्या हातून सुमारे दोनशे शोधनिबंध लिहून झाले. केवळ पैसा-वर्गातील तीनशेहून अधिक नव्या जातींची वर्णने त्यांच्या नावावर आहेत.

हे काम नेमके कसे चाले हे समजून घेण्यासारखे आहे. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मद्यार्कात बुडवलेले नमुने बाटल्यांतून येत. बाटलीवर स्थळाची आणि पाठवणाऱ्याची चिठ्ठी असे. मद्यार्कात रंग फिके पडतात. त्यामुळे ओळख पटवायची ती रचनेवरून. कोळ्याला बहुधा आठ डोळे असतात. ते दोन ओळींत आहेत की तीन, मधले मोठे की कडेचे, हे भिंगाखाली पाहायचे. जबड्याच्या नांग्या समोरासमोर चिमट्यासारख्या मिटतात की कुऱ्हाडीच्या घावासारख्या वरून खाली येतात, हे पाहायचे. दुसऱ्या प्रकारच्या नांग्या टॅरंटुला आणि बिळाला झडप लावून राहणारे कोळी यांच्या कुळात असतात. त्यांना श्वसनासाठी पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्याही असतात. नर असेल तर तोंडाजवळच्या स्पर्शकाचे टोक तपासायचे, कारण जातीजातीतला फरक तिथे लपलेला असतो. मग हाती असलेल्या सर्व जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचे, आणि कुठेच जुळत नसेल तर नवे नाव द्यायचे. दिवसचे दिवस खाणारे हे काम आहे आणि त्यातील एक चूक पुढच्या पिढ्यांना शंभर वर्षे छळू शकते.

हिंदुस्थानातील नमुन्यांचा मोठा ओघ मुंबईमार्गे लंडनला जाई. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस हर्बर्ट फिप्सन हे पेशाने मद्यविक्रेते होते आणि छंदाने सृष्टिनिरीक्षक. १८९३ साली वर्णन केलेल्या एका मोठ्या काळ्या विंचवाला पोकॉक यांनी फिप्सनांचे नाव दिले. वनखात्यातील रॉटन या अधिकाऱ्याचे नावही त्यांनी अशाच एका विंचवाला दिले. सोसायटीच्या नियतकालिकात पोकॉक यांचे लेख छापून येऊ लागले आणि दक्खनच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी मंडळींना दगड उलटून पाहण्याचा उत्साह आला. अर्थात तो दगड बहुधा कुणा लाकूडतोड्याने, शिपायाने किंवा हमालाने उलटलेला असे. बाटलीवरील चिठ्ठीत मात्र साहेबाचे नाव येई.

या ओघात आलेला सर्वांत प्रसिद्ध नमुना आंध्रातील गुत्ती येथील. रेल्वेच्या लाकडाच्या आवारात सापडलेल्या एका झाडावासी टॅरंटुलाचे वर्णन पोकॉक यांनी १८९९ मध्ये केले आणि त्याला पोइसिलोथेरिया मेटॅलिका हे नाव दिले. जिवंतपणी हा कोळी धातूसारख्या झळाळत्या निळ्या रंगाचा असतो. तो मूळचा गुत्तीचा नव्हेच, लाकडाबरोबर आगगाडीने तिथे पोहोचला असावा, असे आज मानले जाते. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तो कुणाला दिसला नाही. या शतकाच्या आरंभी पूर्व घाटातील जंगलाच्या एका लहानशा पट्ट्यात तो पुन्हा आढळला. आज त्याची गणना नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील प्राण्यांत होते, आणि सुंदर दिसतो म्हणून जगभरचे हौशी लोक तो काचेच्या पेटीत पाळतात. पोकॉक यांचे ते वर्णन नसते तर शतकानंतर दिसलेला हा कोळी तोच आहे हे कोणत्या आधारावर सांगता आले असते?

१९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राण्यांविषयीच्या सरकारी ग्रंथमालेत त्यांचा अष्टपादांवरील खंड प्रसिद्ध झाला. अवघ्या २७९ पानांच्या या पुस्तकाने या देशातील कोळी आणि विंचवांच्या अभ्यासाला प्रथमच एक पाया मिळवून दिला. कोळ्यांचा सगळा पसारा त्यात मावणे शक्यच नव्हते. तरीही पुढची कित्येक दशके हिंदुस्थानातील कोळ्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हेच पुस्तक उघडावे लागे.

१९०४ मध्ये पोकॉक यांच्या आयुष्याला वळण मिळाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षकपद त्यांच्याकडे आले. बाटल्यांतील निश्चल जगातून ते गर्जनांच्या जगात आले आणि तिथे एकोणीस वर्षे राहिले. प्रशासनाचा व्याप असूनही निरीक्षण थांबले नाही. पिंजऱ्यातील पक्ष्यांपुढे निरनिराळे कीटक ठेवून कोणते खाल्ले जातात आणि कोणते थुंकून टाकले जातात याची त्यांनी नोंद केली. भडक रंग हा शत्रूला दिलेला इशारा असतो का, हा त्यांच्या बालपणीच्या गुरूंचा आवडता प्रश्न होता. १९११ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

याच काळात महाराष्ट्रातून एक विलक्षण कातडे त्यांच्या मेजावर येऊन पडले. १९१० मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, कोल्हापुरात बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकरातून दोन बछडे जन्मले. त्यांपैकी एक अडीच महिन्यांचे असताना मेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांनी त्याचे कातडे पोकॉक यांच्याकडे पाठवले. १९१२ मध्ये त्यांनी त्याचे बारीक वर्णन प्रसिद्ध केले : कुशीवरील ठिपके लहान, दाट आणि सिंहाच्या छाव्यासारखे पुसट तपकिरी, डोके, पाठीचा कणा आणि पाय यांवरील ठिपके काळे आणि स्पष्ट, शेपटीच्या टोकाला काळसर लांब केस. बिबट आणि सिंह यांच्या मिश्र संततीची ही पहिली शास्त्रीय नोंद समजली जाते.

मोठ्या मार्जारांविषयीचे त्यांचे महत्त्वाचे काम १९१६ चे. सिंह, वाघ, बिबट्या आणि जग्वार यांच्या घशातील हाडाचा एक भाग पूर्ण अस्थिमय नसून तिथे लवचीक बंध असतो, हे पाहून त्यांनी या चौघांना पँथेरा या एका प्रजातीत एकत्र केले. शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाघाचे नाव पँथेरा टायग्रिस असे वाचणारा प्रत्येक विद्यार्थी नकळत पोकॉक यांचाच निर्णय पाठ करीत असतो. सिवनीच्या जंगलात किपलिंगने वावरवलेला बघीराही याच प्रजातीतला. मात्र पोकॉक यांचे सगळेच निर्णय टिकले असे नव्हे. हिमबिबट्याला त्यांनी या कुटुंबाबाहेर ठेवले होते. जनुकांच्या अभ्यासाने तो पुन्हा आत आणला. आशियातील बिबट्यांच्या त्यांनी पाडलेल्या अनेक उपजाती पुढे एकमेकींत मिसळून टाकाव्या लागल्या. मूठभर कातड्यांच्या रंगांवरून प्रदेशवार भेद ठरवण्याची त्या पिढीची घाई त्यांच्यातही होती, हे मान्य केले पाहिजे.

१९२३ मध्ये निवृत्ती आली. साठ वर्षांचे पोकॉक पुन्हा जुन्या संग्रहालयात परतले, या वेळी बिनपगारी संशोधक म्हणून, आणि सस्तन प्राण्यांच्या विभागात त्यांनी आणखी जवळजवळ पाव शतक काम केले. वाघ, सिंह, बिबटे यांवरील त्यांचे दीर्घ लेख १९२९-३० च्या सुमारास मुंबईच्या त्याच नियतकालिकात आले. ज्या ग्रंथमालेत चाळीस वर्षांपूर्वी कोळ्यांचा खंड लिहिला होता, तिच्याच सस्तन प्राण्यांवरील दोन खंडांची जबाबदारी त्यांनी घेतली. पहिला खंड १९३९ मध्ये निघाला आणि दुसरा १९४१ मध्ये. मधल्या काळात संग्रहालयाच्या इमारतीवरही बाँब पडले होते. माकडे, मांजरे, मुंगसे, अस्वले, कोल्हे यांची कातडी आणि कवट्या मोजण्याचे काम त्यातूनही पुरे झाले.

त्यानंतर मोठ्या हरणांची पाळी आली. मध्य प्रांताच्या वनखात्यात दीर्घ काळ काढलेले डनबार ब्रँडर यांनी १९२३ मध्ये मध्य भारतातील वन्य प्राण्यांवर एक उत्तम पुस्तक लिहिले होते. इथल्या कठीण भूमीवरील बारशिंगा वेगळा असल्याचे पोकॉक यांनी दाखवून दिले आणि त्याला ब्रँडर यांचे नाव दिले. १९७० पर्यंत हा प्राणी कान्ह्यात अवघा ६६ वर येऊन ठेपला. तो संपू द्यायचा नाही या जिद्दीने कुरणे राखली गेली, कुंपणे घातली गेली, आणि आता तिथे कळपच्या कळप दिसतात. २०१५ पासून सातपुड्याच्या व्याघ्रप्रकल्पातही त्याला नेऊन वसवले आहे. ही केवळ बारशिंग्याची आणखी एक वस्ती नसून जगात अन्यत्र नसलेली एक शाखा आहे, या जाणिवेने त्या धडपडीला वजन आले.

९ ऑगस्ट १९४७ रोजी, हिंदुस्थान स्वतंत्र होण्याच्या सहा दिवस आधी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या पोकॉक यांचे लंडनमध्ये निधन झाले.

कोळ्यांचे काम पुढे इथल्या हातांनी उचलले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रात डॉ. बी. के. टिकादर यांनी सहकाऱ्यांसह रानोमाळ हिंडून नमुने जमवले. १९८० आणि १९८२ मध्ये त्यांचे खंड निघाले. विंचवांवरील खंड त्यांनी डॉ. बस्तवडे यांच्यासमवेत १९८३ मध्ये पूर्ण केला आणि १९८७ मध्ये भारतातील कोळ्यांच्या १०६७ जातींची यादी सादर केली. त्याच संस्थेचे जबलपूर केंद्र १९६० पासून या शहरात आहे, आणि जबलपूरच्या कोळ्यांवरील स्वतंत्र ग्रंथ संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. प्राणिशास्त्रात एक रीत आहे. एखादी जात पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली तरी पहिल्या वर्णनकर्त्याचे नाव पुसले जात नाही. त्याला फक्त कंस पडतो. भारतातील कोळ्यांच्या आणि विंचवांच्या याद्यांत पोकॉक हे नाव आजही पानोपानी भेटते, कुठे कंसात, कुठे कंसाविना.