प्लेगच्या साथीत सावित्रीमाईंवर लोकांनी विश्वास का ठेवला?

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. लोक इतके धास्तावले की घरातला आजारी माणूसही लपवून ठेवू लागले. याच शहरात, या झडत्या सुरू होण्याच्या थोडे आधी, ६६ वर्षांची एक बाई स्वतः वस्त्यांमध्ये जाऊन रुग्णांना उपचारासाठी घेऊन येत होती. ती बाई म्हणजे क्रांतीज्योती सावित्रीमाई फुले.

हा विश्वास एका दिवसात तयार झाला नव्हता. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवत होत्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही फुले दांपत्याने शाळा काढल्या. शेण, चिखल, दगड अंगावर आले तरी त्यांची शाळेची वाट चुकली नाही. १८६८ मध्ये फुल्यांच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी बाळंतपणासाठी आसरा दिला आणि अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. वस्तीतला माणूस हे सगळे वर्षानुवर्षे पाहत होता.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे उघडली. सावित्रीबाई जुन्नर भागात गावोगाव फिरत होत्या. कार्यकर्त्यांवर खोटे आरोप होऊन त्यांना पकडण्यात आले, तेव्हा त्या थेट कलेक्टरला भेटल्या. त्यांनी लोकांची बाजू मांडली, कार्यकर्त्यांना सोडवले आणि भुकेल्यांसाठी ज्वारीही मिळवली. ओतूरहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आला आहे. मदत करणाऱ्याला दोन्हीकडे बोलावे लागते, पीडितांशी आणि सत्तेशीही. सावित्रीबाईंनी सत्तेशी बोलताना पीडितांची बाजू कधी सोडली नाही.

१८९० मध्ये जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे हाती घेऊन पुढे चालणाऱ्या सावित्रीबाईंनी त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा सांभाळली.

प्लेग आला तेव्हा यशवंत डॉक्टर झाले होते आणि लष्करात नोकरीला होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळावर दवाखाना सुरू झाला. येणाऱ्याची जात विचारली जात नव्हती. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्या काळात त्या वस्तीची सावलीही विटाळ मानली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना गेले.

सरकारकडे कायदा होता, फौज होती, पैसा होता. तरीही लोकांनी त्याला दारे बंद केली आणि त्याच दहशतीतून जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सावित्रीमाईंकडे होती ती जवळपास ५० वर्षांची ओळख.

तरुण मित्रांनो, पूर असो, आग असो की साथ, आपण मदतीचे किट घेऊन धावतो. ते करायलाच हवे. पण संकट नसते तेव्हा आपण त्या वस्तीत किती वेळा जातो? तिथल्या बाया-माणसांची नावे आपल्याला माहीत आहेत का? बाबासाहेबांनी ज्या जोतिबांना गुरू मानले, त्यांच्या घरातली करुणा अशी रोजच्या येण्याजाण्यातून उभी राहिली होती. आपणही आधी ते येणेजाणे सुरू करूया.