वेड्यांच्या इस्पितळातील शहाणी : नेली ब्लाय

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १८६४ साली जन्मलेल्या एलिझाबेथ कॉक्रनचे पितृछत्र बालपणीच हरपले. पैशांअभावी शिक्षणही सुटले. १८८५ मध्ये स्त्रियांना कमी लेखणाऱ्या एका लेखाला तिने सडेतोड उत्तर धाडले. पिट्सबर्गच्या त्या पत्राच्या संपादकाने तिला नोकरीच दिली. हीच नेली ब्लाय!

१८८७ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रासाठी वेडाचे सोंग घेऊन ती वेड्यांच्या इस्पितळात १० दिवस राहिली. नासके अन्न, थंडगार पाण्याची आंघोळ तिने सोसली. केवळ इंग्रजी येत नाही म्हणून शहाण्या बायकाही तेथे डांबलेल्या होत्या. तिच्या लेखांमुळे चौकशी झाली, अनुदान वाढले.

१९१४ मध्ये, पन्नाशीत, ऑस्ट्रियाच्या युद्धआघाडीवरून तिने वार्तापत्रे पाठविली. १९२२ साली न्यूमोनियाने ती गेली. शिक्षण अर्धवट राहिले, तरी ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे तिने जगाला ऐकविले.