विठ्ठल सखाराम पागे : हाताला कामाचा हक्क देणारे सभापती

दिंडीच्या शताब्दीत ज्यांचं ऋण आठवायचं, त्यांत वि. स. पागे यांचं नाव आम्ही मुद्दाम घेतो. ते आमच्या दिंडीचे विणेकरी नव्हते, फडकरीही नव्हते. पण माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या कोरडवाहू घरांची चूल त्यांनी केलेल्या कामानं पेटती राहिली. पाऊस गेला की माणसं बिऱ्हाड उचलून परमुलखात जायची आणि वारीही चुकायची. हे दुखणं त्यांनी ओळखलं.

त्यांचा जन्म 1910 सालचा, गाव तासगाव तालुक्यातलं विसापूर. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. पुढं 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्यालाच सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं पागे दोन्ही जिल्ह्यांचे. शिक्षणानं वकील, ओढा संतवाङ्मयाकडं. नावातच विठ्ठल होता.

1960 ते 1978 अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. आमदारानं कुठं मत दिलं यावर लोक त्याला जोखतात. पण सभापतीला एरवी मतच नसतं. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली तरच त्याला मत देता येतं. हात वर न करता काय साधता येतं, ते पाग्यांनी दाखवलं.

गरिबाला दानधर्म नको, कष्टाचं काम हवं आणि ते मागायचा हक्क हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवलं. 1965 साली तासगाव तालुक्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. 1972 साली राज्यात रोजगार हमी योजना आली, आणि लगेच तो मोठा दुष्काळ पडला. सुकडी आणि खडी फोडणं आमच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती.

काम द्यायचं तर पैसा हवा. 1975 साली शहरातल्या पगारदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. 1977 साली, सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमतानं मंजूर केला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. बाई आणि बाप्या दोघांना मजुरीचा दर एकच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कुठं हजेरीपटावर खोटी नावं चढली, कुठं मजुरी रखडली. तरी पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. मुख्य म्हणजे काम ही मेहरबानी राहिली नाही, हक्क झाला. 2005 साली देशानं असाच कायदा केला, तेव्हा आपल्या राज्याचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

पागे 1990 साली गेले. पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत वाढप पोचलं का, हे आपण दिंडीत पाहतो. त्यांनी तेच राज्यकारभारात पाहिलं. त्यांना आमचा दंडवत. रामकृष्ण हरी.